माया संस्कृतीतील प्राणी आजच्या चित्रात आणताना: अभ्यासापासून शेवटच्या हातापर्यंत

जग्वार म्हणजे सत्ता, साप म्हणजे पुनर्जन्म, घुबड म्हणजे मृत्यू, अशी यादी समोर ठेवून माया संस्कृतीवर चित्र काढण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. चित्र देखणे होते, तरी त्यात जीव येत नाही. याचे कारण असे की, माया चित्रकाराने प्राण्याला एका शब्दाच्या बदली कधी वापरले नाही. त्याच्या चित्रात प्राणी काही तरी करत असतो. तो निरोप नेतो, पोथी लिहितो, दुसऱ्याला गिळतो, कोणाच्या तरी झोपेत वावरतो किंवा एखाद्या राजाचे नाव उच्चारतो. तो कोणाशेजारी आहे, कोणत्या प्रहरी आहे, त्याच्या कानाशी किंवा पंखावर कोणती खूण आहे, यांवरून त्याचा अर्थ ठरतो. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये प्रतीकांची यादी दिलेली नाही, तर प्राण्याचे काम आणि त्याची संगत ओळखून ती कॅनव्हासवर किंवा कागदावर कशी मांडावी, याची पद्धत सांगितली आहे. उदाहरण म्हणून शेवटी एक पूर्ण चित्र रचून दाखवले आहे.

पहिली पायरी: एक काळ, एक प्रदेश, एक कथा

‘माया’ हे एका राज्याचे किंवा एका भाषेचे नाव नाही. मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरास व एल साल्वादोरचा पश्चिम भाग एवढ्या प्रदेशात पसरलेल्या, आजही सुमारे ३० भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांना मिळून ते दिलेले आहे. इ. स. २५० ते ९०० या अभिजात काळातील रंगीत मातीची भांडी, आठव्या शतकाच्या अखेरीची बोनाम्पाकची भित्तिचित्रे, चिचेन इत्झाची नंतरची शिल्पे, किचे या माया भाषेतील ‘पोपोल वुह’ हा कथाग्रंथ आणि मेक्सिकोच्या आजच्या चियापास प्रांतातील त्सोत्सिल समाजाच्या समजुती यांमध्ये धागे सापडतात, पण या सर्व गोष्टी एकच नाहीत. आपले चित्र यांपैकी कशाला धरून आहे, हे पहिल्या दिवशीच वहीत एका वाक्यात लिहावे.

या पायरीवर दोन घोटाळे टाळावेत. पहिला अॅझ्टेक आणि माया यांच्या सरमिसळीचा. निवडुंगावर बसून साप धरणारा गरुड, गोल सूर्यशिळा आणि मध्य मेक्सिकोतील देवतांची नावे माया चित्रात आणली, तर जाणकार पाहणारा तिथेच थांबतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे भडक रंगांचे कल्पित प्राणी, ज्यांना आलेब्रिखे म्हणतात, तेही मेक्सिको शहर आणि ओआहाकाचे आहेत, मायांचे नाहीत. दुसरा घोटाळा आपल्या बाजूचा आहे. नावाच्या साम्यावरून माया लोकांचे नाते मयासुराशी किंवा वेदान्तातल्या मायेशी जोडले जाते. त्याला कोणताही आधार नाही, आणि असे नाते गृहीत धरले की प्राण्यांचेही भारतीय अर्थ नकळत चित्रात शिरतात.

‘पोपोल वुह’ हे आरंभासाठी सर्वांत सोयीचे आहे, असे माझे मत आहे, कारण त्यात प्राणी केवळ नावाला येत नाहीत, तर कथा पुढे ढकलतात. फ्रान्सिस्को खिमेनेस या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी चिचिकास्तेनांगो येथे उतरवून घेतलेली त्याची प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. कोल्हा, कायोटी, पोपट आणि कावळा हे चौघे मक्याचे ठिकाण दाखवतात आणि त्या मक्यापासून माणसाचे शरीर घडते. मुंग्या पाताळातली फुले चोरून आणतात, आणि काजवे विड्यांच्या टोकाशी बसून त्या पेटत्या असल्याचा भास निर्माण करतात. चित्रकाराला यापेक्षा मोठी शिदोरी क्वचितच मिळते.

दुसरी पायरी: मूळ वस्तू डोळ्यांखालून घालणे

अलीकडे संगणकाने तयार केलेली, ‘माया शैली’ म्हणून फिरणारी चित्रे संदर्भासाठी घेऊ नयेत. मूळ वस्तूंची छायाचित्रे सहज उपलब्ध आहेत. जस्टिन कर या छायाचित्रकाराने गोल भांडे फिरवत ठेवून त्यावरचे संपूर्ण चित्र एका सपाट पट्टीत टिपण्याची पद्धत वापरली, आणि त्याने जमवलेला हा मोठा संग्रह आता वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संस्थेकडे आहे. प्रत्येक चित्राला ‘के’ या अक्षरापुढे क्रमांक असतो. हा क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवावा, पुढे श्रेय देताना तो उपयोगी पडतो.

पहिला अभ्यास म्हणून ‘के ५११’, म्हणजे प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयातील भांडे घ्यावे. ते सातव्या-आठव्या शतकातील आहे. पाताळातील एक म्हातारा देव स्त्रियांच्या घोळक्यात सिंहासनावर बसलेला आहे, आणि खाली एक ससा मांडी घालून जग्वारच्या कातड्याचे वेष्टन असलेल्या पोथीत लिहीत आहे. दुसऱ्या एका भांड्यावर याच देवाची टोपी आणि वस्त्रे सशाने पळवलेली दिसतात. हा ससा चंद्रदेवीच्या कुशीतही आढळतो, कारण माया लोकांना चंद्रावर ससा दिसे. आपल्यालाही तो दिसतो, म्हणूनच चंद्राला ‘शशांक’ म्हणतात. हे साम्य हृद्य आहे, परंतु माया ससा धूर्त, लेखणी हाती धरणारा आणि देवाची फजिती करणारा आहे, हे चित्र काढताना विसरू नये.

प्रत्येक वस्तूचे किमान तीन वेळा रेखाटन करावे: एकदा संपूर्ण दृश्याचे, एकदा फक्त प्राण्याचे, आणि एकदा फक्त प्राण्याच्या अंगावरील खुणांचे. तिसरे रेखाटन बहुतेक जण गाळतात, आणि खरे ज्ञान त्यातच असते.

तिसरी पायरी: प्राणी आणि त्याच्या खुणा

जग्वारपासून सुरुवात करू, कारण चुका इथेच सर्वांत जास्त होतात. जग्वार भारतात नाही. आपला हात सवयीने बिबट्या काढतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाघाचे तोंड काढून त्यावर ठिपके देतो. जग्वारचे डोके जड आणि जबडा रुंद असतो, पाय आखूड व दणकट असतात, शेपूट बिबट्यापेक्षा आखूड असते, आणि अंगावरच्या गुलाबाकार ठिपक्यांच्या आत पुन्हा बारीक काळे ठिपके असतात. माया चित्रकाराने हे सर्व जाणून त्याचे सोपे रूप केले. गोल कान, उघड्या जबड्यातील सुळे, पंज्यांचे उठाव आणि काही मोजके ठिपके एवढ्यावर तो जग्वार उभा करतो. पुष्कळदा त्याच्या डोक्यावर कमळासारखे पाणफूल असते. ते सजावट म्हणून आलेले नाही. जग्वार उत्तम पोहतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग हे पाताळाचे दार मानले जाई, हे ते फूल सांगते.

माया भाषांत जग्वारला ‘बालाम’ म्हणतात. राजे हे नाव धारण करत. याश्चिलान या माया नगरीत ७५२ ते ७६८ या काळात राज्य करणाऱ्या राजाच्या नावातच पक्षी आणि जग्वार एकत्र आहेत. चिचेन इत्झाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात सापडलेले तांबडे जग्वार-सिंहासन ठिपक्यांच्या जागी हिरव्या दगडाच्या चकत्या बसवलेले आहे. पण रात्री पाताळातून प्रवास करणाऱ्या सूर्याशीही जग्वार जोडलेला आहे, आणि त्या देवाचे चित्र काढताना माणसासारख्या चेहऱ्याला जग्वारचा कान आणि दोन डोळ्यांच्या मध्ये पिळाची दोरी दिलेली असते. म्हणजे सिंहासनाखालचा जग्वार, पाणफूल ल्यालेला जग्वार आणि पिळाची दोरी असलेला देव हे तीन वेगळे विषय आहेत. यांतील कोणता विषय आपल्याला हवा आहे, ते ठरवल्याशिवाय पेन्सिल उचलू नये.

‘पोपोल वुह’चे नायक असलेल्या जुळ्या वीरांचेही असेच आहे. भांड्यांवरील चित्रांत त्यांपैकी एकाच्या अंगावर काळे ठिपके असतात, आणि दुसऱ्याच्या तोंडाभोवती व हातापायांवर जग्वारच्या कातड्याचे तुकडे असतात. चेहरा सारखाच असला तरी एवढ्या खुणेवरून हुनाह्पू कोणता आणि शबालांके कोणता, हे त्या काळच्या पाहणाऱ्याला कळत असे.

सापाच्या बाबतीत भाषेचा खेळ जाणून घ्यावा लागतो. अभिजात काळच्या भाषेत ‘चान’ हा उच्चार साप, आकाश आणि चार या तिन्ही अर्थांनी येई, आणि लिपीतही या चिन्हांची अदलाबदल होत असे. त्यामुळे आकाशातून आडवा गेलेला साप हा मायांच्या दृष्टीने शब्दशः वाचता येणारा भाग आहे. याश्चिलानच्या पंचविसाव्या क्रमांकाच्या, दारावर आडव्या बसवलेल्या दगडी पट्टीवर, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, राणीसमोरच्या पात्रातून प्रचंड साप वर उठतो आणि त्याच्या वासलेल्या जबड्यातून शस्त्रधारी पुरुष बाहेर येतो. तोंडातून तोंड, देहातून देह अशी ही रचना लक्षात ठेवावी, आपल्या शेवटच्या चित्रात ती लागणार आहे.

केत्झाल आणि मकाव या दोन पक्ष्यांकडे मात्र रंगांमुळे सगळ्यांचे लक्ष जाते, त्यामुळे थोडक्यात सांगतो. केत्झालची लांब हिरवी पिसे ढगांच्या जंगलातून येत आणि राजमुकुटात लागत. आज ग्वाटेमालाचा राष्ट्रीय पक्षी आणि चलन या दोहोंना त्याचेच नाव आहे. मकाव हा ‘पोपोल वुह’मध्ये स्वतःला सूर्य म्हणवून घेणारा घमेंडखोर आहे. पण कोपान येथे, जिथे ४२६ च्या सुमारास घराणे स्थापणाऱ्या राजाचे नाव ‘याश कुक मो’ म्हणजे केत्झाल आणि मकाव यांचे मिळून बनलेले होते, एका जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर या दोन पक्ष्यांच्या माना एकमेकींत गुंतवल्या आहेत, आणि ती नक्षी म्हणजे राजाचे नाव आहे. एकच मकाव एकीकडे गर्विष्ठ राक्षस आणि दुसरीकडे राजाच्या नावातले अक्षर आहे. यादी करणाऱ्याला हे कधीच पकडता येत नाही.

वटवाघूळ, घुबड आणि काजवा हे रात्रीचे प्राणी. पाताळातील ‘वटवाघळांच्या घरात’ हुनाह्पूचे डोके छाटले जाते. भांड्यांवरच्या वटवाघळाच्या पंखांवर कधी हाडांची फुली आणि बाहेर आलेले डोळे काढलेले असतात. तरीही हाच प्राणी कोपानच्या राजचिन्हात आहे, आणि त्सोत्सिल समाजाच्या नावातही वटवाघूळ दडलेले आहे. घुबड पाताळाच्या स्वामींचा जासूद आहे. काजव्याच्या कपाळी ‘आकबाल’ हे रात्रीचे चिन्ह आणि तोंडात पेटती विडी असते. ही चिन्हे शिकून घ्यावीत, कारण अंधार दाखवण्यासाठी संपूर्ण पार्श्वभूमी काळी करण्याची गरज नाही, पंखावरील एक चिन्ह पुरते.

माकडाला विसरू नये, विशेषतः आपण चित्रकार असल्यामुळे. जुळ्या वीरांचे मोठे सावत्र भाऊ चित्रकार, गायक आणि कोरीव काम करणारे होते. मत्सरापायी त्यांची माकडे झाली, आणि पुढे कलावंतांनी त्यांनाच आराध्य मानले. भांड्यांवर माकडे शंखाच्या दौतीत कुंचला बुडवून लिहिताना दिसतात. माया भाषांतील ‘त्सिब’ या शब्दाचा अर्थ लिहिणे आणि चितारणे असा दोन्ही आहे. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र हा अर्थ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये.

चौथी पायरी: वाहन नव्हे, सहदेह

आपल्या मनात देव आणि प्राणी एकत्र आले की वाहनाची कल्पना येते: गणपतीचा उंदीर, कार्तिकेयाचा मोर. देव वर, प्राणी खाली, आणि दोघांचे देह वेगळे. मराठी चित्रकाराने माया विषय हाती घेतला की नकळत हीच मांडणी उतरते. माया कल्पना निराळी आहे. अभिजात काळी तिला ‘वाय’ म्हणत. हा शब्द झोपेशी आणि स्वप्नाशी संबंधित आहे, आणि १९८९ मध्ये त्याच्या चिन्हाचे वाचन झाल्यावर भांड्यांवरील कितीतरी विचित्र प्राण्यांचा उलगडा झाला. अर्धा मानवी चेहरा जग्वारच्या कातड्याने झाकलेला, असे ते चिन्ह आहे. माणूस झोपलेला असताना त्याचा हा दुसरा देह वावरत असतो.

ही समजूत वेगळ्या रूपात आजही आहे. चियापासमधील सिनाकांतानच्या त्सोत्सिल लोकांत प्रत्येक माणसाचा एक सोबती प्राणी मानला जातो. पूर्वजदेव त्या सर्व प्राण्यांना डोंगराच्या पोटातील कुंपणांत सांभाळतात. प्राण्याला इजा झाली की माणूस आजारी पडतो. या दोघांना एका चित्रात मांडायचे असेल, तर शेजारी शेजारी उभे करण्यापेक्षा एकाच बाह्यरेषेत दोन देह आणणे, अर्ध्या चेहऱ्यावर ठिपके चढवणे किंवा माणसाच्या जखमेच्या जागीच प्राण्यालाही जखम दाखवणे, हे मार्ग विषयाला अधिक धरून आहेत.

पाचवी पायरी: आजचे माया चित्रकार काय करतात

माया प्राणी आजच्या चित्रात आणायचे म्हणजे आजच्या माया चित्रकारांना पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. ग्वाटेमालातील कोमालापा या काकचिकेल माया समाजाच्या गावी आंद्रेस कुरुचिच (१८९१–१९६९) यांनी तैलरंगात बाजार, लग्ने आणि मिरवणुका रंगवून एक परंपरा सुरू केली. त्यांची नात रोसा एलेना कुरुचिच हिने गावातील स्त्रियांचे जीवन अगदी लहान आकाराच्या चित्रांत रंगवले. याच गावच्या, १९५५ मध्ये जन्मलेल्या पाउला निचो कुमेस यांच्या काही चित्रांत स्त्रीची त्वचा आणि तिच्या विणलेल्या कुडत्याची नक्षी एकच झालेली असते. विणकामातले पक्षी-प्राणी आणि देह यांच्यात तिथे सीमारेषा राहत नाही. चियापासमधील तेनेहापाचे, त्सेल्ताल या माया समाजातील चित्रकार आंतुन कोह्तोम यांच्या चित्रांत माणूस आणि प्राणी यांचे देह एकमेकांत शिरतात, आणि त्यामागे आत्म्याच्या सोबत्याची, आजही मानली जाणारी कल्पना आहे.

यांच्या आधीची एक पिढी वेगळ्या वाटेने गेली. दिएगो रिव्हेराने १९३१ मध्ये ‘पोपोल वुह’वर जलरंगांची मालिका केली, आणि ग्वाटेमालात जन्मलेल्या कार्लोस मेरिदाने १९४३ मध्ये त्याच कथेवर शिळाछापाची रंगीत चित्रे काढली, ज्यांत आकृती जवळजवळ अमूर्त होतात. या दोघांना शेजारी ठेवून पाहावे. रिव्हेरा कथा सांगतो, मेरिदा तिची लय घेतो. नवशिक्याने कथा धरावी, हात बसल्यावर लयीकडे जावे.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कोमालापाच्या चित्रांत जग्वारची गर्दी नाही. त्यांत रोजचे जगणे, गावचे रस्ते आणि घरची जनावरे आहेत. परक्या चित्रकारालाच प्रत्येक ठिकाणी जग्वार आणि पिसांचा साप हवा असतो. हा मोह ओळखता आला, तरी अर्धे काम झाले.

सहावी पायरी: चित्राची निवड आणि रचना

आता प्रत्यक्ष चित्राकडे येऊ. ‘पोपोल वुह’मधील एक प्रसंग घेऊ. पाताळाच्या स्वामींची घुबडे आजीकडे येऊन जुळ्या नातवांना सात दिवसांत चेंडू खेळायला बोलावल्याचा निरोप देतात. आजी दुःखी होते, आणि तिच्या अंगावर पडलेल्या उवेला तोच निरोप घेऊन नातवांकडे पाठवते. ऊ हळू चालते, म्हणून वाटेत भेटलेला बेडूक तिला तोंडात घेतो. बेडकाला साप गिळतो, सापाला ससाणा गिळतो, आणि ससाणा चेंडूच्या मैदानाच्या कडेवर येऊन ओरडतो. जुळे भाऊ फुंकनळीने त्याच्या डोळ्याला गोळी मारतात, मग डोळा बरा केला तर निरोप सांगेन, असे तो म्हणतो. ते चेंडूच्या रबराचा तुकडा काढून डोळ्यावर बसवतात. ससाणा सापाला ओकतो, साप बेडकाला ओकतो, बेडकाला मात्र काही केल्या ओकता येत नाही, कारण ऊ त्याच्या दातांतच अडकलेली असते.

या प्रसंगात एकही प्राणी कशाचे प्रतीक म्हणून येत नाही. सर्व जण एका बोलण्याचे वाहक आहेत, आणि म्हणूनच सुरुवातीला सांगितलेली दृष्टी शिकायला यासारखा विषय नाही.

१. कागद किंवा कॅनव्हास २० × ६० सेंटिमीटरचा घ्यावा. ही आडवी पट्टी उलगडलेल्या भांड्याची आठवण ठेवते.

२. उजवी बाजू जुळ्या भावांसाठी राखावी. माया दरबारी दृश्यांत मानाचे पात्र बहुधा पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला बसून डावीकडे पाहत असते. निरोप डावीकडून त्यांच्याकडे येतो.

३. आजी अगदी डाव्या टोकाला ठेवावी, आणि तिच्यामागे घुबडाचा फक्त एक पंख कडेला कापलेला दिसू द्यावा. भांड्यावर डावे टोक उजव्या टोकाला जाऊन मिळते. इथे तो पंख दुसऱ्या टोकाला, भावांच्या पाठीमागे, पूर्ण झाला तर पट्टी मनातल्या मनात गोल होते आणि संकट त्यांच्या मागे आधीच येऊन उभे असल्याचे दिसते.

४. मधला सर्वांत मोठा भाग ओकण्याच्या क्षणाला द्यावा. ससाण्याच्या चोचीतून साप, सापाच्या जबड्यातून बेडूक, आणि बेडकाच्या उघड्या तोंडात दातांशी ऊ. याश्चिलानच्या सापाचा वासलेला जबडा इथे उपयोगी येतो. तिथे त्यातून शस्त्रधारी पुरुष येतो, इथे बेडूक.

५. खोलीचा आभास, क्षितिज आणि सावली देऊ नये. सर्व पात्रे एका जमिनीच्या रेषेवर असावीत, आणि मोकळी जागा मोकळीच राहावी. पहिल्या कच्च्या आराखड्यात ती जागा भरण्याची इच्छा होते. ती आवरावी.

प्राणी ओळखूनच काढावेत. या ससाण्याचे नाव ‘वाक’ आहे, आणि अभ्यासक त्याला साप खाणारा हसरा ससाणा मानतात. त्याचे डोके फिकट असून डोळ्यांभोवती रुंद काळा पट्टा असतो. रबराचा तुकडा डोळ्यावर बसवण्याची कथा त्या काळ्या पट्ट्याशी किती नेमकी जुळते, हे पाहिल्यावर, ज्यांनी ही कथा रचली त्यांनी पक्षी जवळून पाहिला होता, याची खात्री पटते. म्हणून इथे घार किंवा शिक्रा काढून चालणार नाही. बेडूकही गुळगुळीत हिरवा नसून खरबरीत अंगाचा, बसकट हवा.

सातवी पायरी: रेषा

सातव्या-आठव्या शतकात ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील खोऱ्यात तयार झालेल्या भांड्यांवर फिकट दुधाळ पृष्ठभाग, काळी-तपकिरी रेषा आणि काठाला तांबडी पट्टी असते. पोथीच्या पानासारखी दिसतात, म्हणून त्यांना पोथी-शैलीची भांडी म्हणतात. त्यांची रेषा जाड सुरू होते, वळणावर बारीक होते आणि चाबकासारखी संपते. ही रेषा साधली नाही, तर बाकीचा अभ्यास वाया जातो.

त्यासाठी लांब केसांचा गोल कुंचला घ्यावा, खारीच्या केसांचा असल्यास उत्तम. शाई पातळ करून ती काळी न दिसता गडद तपकिरी दिसेल, अशी ठेवावी. मनगट टेकवू नये, हात खांद्यापासून हलवावा. आठवडाभर रोज वर्तमानपत्राच्या कागदावर फक्त तीन आकार काढावेत: सापाच्या शरीराचे लांब वळण, जग्वारचा गोल कान आणि माणसाच्या पाठीची एकच रेषा. रेषा चुकली तर त्यावर दुसरी रेषा ओढू नये, नवा आकार काढावा. दुरुस्त केलेली रेषा लगेच ओळखू येते.

मूळ चित्रावर आधी फिक्या पेन्सिलीने रचना उतरवून घ्यावी, पण रेषा पेन्सिलीच्या मागे मागे जाऊ नये. पेन्सिल फक्त जागा सांगते.

आठवी पायरी: रंग

पृष्ठभागासाठी पांढऱ्या जेसोत चिमूटभर यलो ऑकर मिसळून दोन पातळ हात द्यावेत आणि वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासावे. तांबड्यासाठी गेरूसारखी लाल माती शोभते. माया चित्रकारही लोहयुक्त तांबडाच वापरत. काळ्यासाठी काजळी.

माया निळा ही वेगळी गोष्ट आहे. निळीच्या झाडाचा रंग आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून तो बनवत, आणि तो शेकडो वर्षे उन्हापावसात टिकला. आपल्याकडची नीळ त्याच झाडांच्या कुळातली आहे, परंतु कपड्यांना घालण्यासाठी मिळणारी नीळ ही अगदी वेगळी वस्तू असल्यामुळे ती चित्रात वापरू नये. घरी हा रंग जुळवायचा असेल, तर सेरुलियन निळ्यात थोडा व्हिरिडियन, पांढरा आणि अगदी थोडा ऑकर मिसळावा. रंग झळझळीत नसून किंचित धुळकट आला, की जमला असे समजावे.

दिशांचेही रंग आहेत: पूर्व तांबडी, उत्तर पांढरी, पश्चिम काळी, दक्षिण पिवळी आणि मध्यभागी ‘याश’, ज्यात हिरवा व निळा दोन्ही येतात. आपल्या पट्टीत मधला भाग ‘याश’ ठेवला, म्हणजे ससाण्याच्या चोचीपासून बेडकापर्यंतच्या भागावर निळसर छटा दिली, तर निरोपाची जागा विश्वाच्या मध्याशी जुळते. हा माझा निर्णय आहे, मूळ कथेत असे सांगितलेले नाही. चित्रकाराने असे निर्णय जरूर घ्यावेत, पण कोणते आपले आणि कोणते परंपरेचे, हे स्वतःला ठाऊक असावे.

माया लिपीतील चिन्हे केवळ नक्षी म्हणून भरू नयेत. प्राण्यांची डोकी त्या लिपीत अक्षरे असतात. अर्थ न कळता ती ओळीने मांडणे म्हणजे परक्या माणसाने देवनागरीतील सुटी अक्षरे भिंतीवर चिकटवण्यासारखे आहे. ‘बालाम’ लिहायचे असेल, तर ते नीट शिकून लिहावे, नाही तर जागा रिकामी ठेवावी.

नववी पायरी: श्रेय आणि शेवटचा हात

चित्राखालचा मजकूर चित्र पूर्ण होण्याआधी लिहावा. लिहिताना प्रसंग, समाज, भाषा आणि ज्या भांड्याचा अभ्यास केला त्याचा क्रमांक नोंदवावा लागतो, आणि जिथे पेन अडखळते तिथे चित्रातही काही तरी कच्चे आहे, असे बहुधा आढळते. ‘माया लोककला’ एवढेच लिहू नये. ‘पोपोल वुह, किचे’ असे लिहावे, आणि चित्र आपल्या कल्पनेचे असल्याचेही स्पष्ट म्हणावे. ग्वाटेमालातील माया विणकर स्त्रियांनी आपल्या नक्षींवर समाजाचा सामूहिक हक्क मानला जावा, यासाठी २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाचे दार ठोठावले. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही ती पिशव्या-कपांवर कशी छापली जातात, हे पाहणाऱ्या मराठी चित्रकाराला त्या स्त्रियांचे म्हणणे समजायला वेळ लागू नये. कोमालापाच्या किंवा अन्य गावच्या विणकामातील प्राणी जसाच्या तसा उचलून विक्रीच्या चित्रात वापरू नये. अभ्यासाच्या वहीत तो खुशाल काढावा.

मजकूर तयार झाला की चित्राकडे परतावे. आधी पट्टीच्या वरच्या काठाला गेरूची तांबडी रेघ एका दमात ओढावी, कारण भांड्याचा काठ असाच असतो आणि तिच्यामुळे सर्व दृश्याला कड मिळते. मग ससाण्याच्या डोळ्यावरचा काळा तुकडा गडद करावा. ऊ सर्वांत शेवटी काढावी, कुंचल्याच्या अगदी टोकाने, काळ्या रंगाच्या एकाच स्पर्शात. ती इतकी बारीक असावी की पाहणारा चित्राजवळ येईपर्यंत त्याला ती दिसू नये. सर्व रंग पूर्ण वाळल्यावर चकाकी नसलेले व्हार्निश द्यावे, कारण चकाकीत बारीक रेषा हरवतात आणि उवेची जागाही सापडत नाही.